आफ्रिकानर सांस्कृतिक संस्था आणि बदलता समाज : भाषेच्या मालकीचा प्रश्न

भाषिक अस्मितेची जडणघडण केवळ साहित्यकृतींतून होत नाही. कोश, शुद्धलेखनाचे नियम, शाळा, गीतसंग्रह, संमेलने, पारितोषिके आणि स्मारके अशा अनेक मार्गांनी ती होत असते आणि या प्रत्येक मार्गावर कोणती ना कोणती संस्था उभी असते. संस्था भाषेला आश्रय देते, तिच्यासाठी निधी जमविते, तिला प्रतिष्ठा मिळवून देते. त्याचबरोबर ही भाषा कोणाची, तिचे खरे रूप कोणते आणि तिच्या नावाने बोलण्याचा अधिकार कोणाला, हेही बहुधा संस्थाच ठरवीत असते. संस्थेच्या या दोन कार्यांमधील नाते समजून घेण्याच्या दृष्टीने दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकानर समाजाच्या सांस्कृतिक संस्थांचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. १८७५ ते १९२५ या अवघ्या पन्नास वर्षांत एका हिणवल्या गेलेल्या बोलीला राजभाषेचे स्थान मिळाले, त्यात या संस्थांचा वाटा मोठा होता. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत तीच भाषा देशातील बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने जुलमाची खूण ठरली, त्यातही या संस्थांचा वाटा लहान नव्हता. प्रस्तुत लेखात या संस्थांचा उदय, त्यांचा सत्ताकाळ आणि १९९४ नंतरची त्यांची स्थिती या क्रमाने विचार करावयाचा आहे.

आरंभीच दोन संज्ञांमधील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. 'आफ्रिकान्स' हे भाषेचे नाव आहे, तर 'आफ्रिकानर' हे ती भाषा बोलणाऱ्या, बव्हंशी डच, जर्मन व फ्रेंच वंशाच्या गोऱ्या समाजाचे नाव आहे. या दोहोंची व्याप्ती सारखी नाही. २०११ च्या जनगणनेत आफ्रिकान्स ही घरातील भाषा म्हणून नोंदविणाऱ्या लोकांची संख्या ६८ लाखांहून अधिक होती. त्यांपैकी गोरे सुमारे २७ लाख, तर सरकारी वर्गीकरणात 'कलर्ड' म्हणून ओळखला जाणारा मिश्रवंशीय समाज सुमारे ३४ लाख होता. म्हणजे या भाषेच्या भाषकांपैकी निम्मे लोक आफ्रिकानर नव्हेत, तर मिश्रवंशीय आहेत. हे एक तथ्य ध्यानात ठेवले म्हणजे पुढील सर्व इतिहासाचा अर्थ लागू लागतो.

एक भाषा, दोन पुस्तके

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये केप येथे आपल्या जहाजांसाठी रसदीचे ठाणे उभारले. तेथे युरोपीय वसाहतकरी आले; मूळचे खोईखोई लोक तेथे होतेच; आणि इंडोनेशियाची बेटे, मादागास्कर व पूर्व आफ्रिका यांबरोबरच बंगाल, मलबार आणि कोरोमंडल या हिंदुस्थानातील प्रदेशांतूनही गुलाम आणले गेले. मालक आणि गुलाम, शिपाई आणि गुराखी यांच्या दैनंदिन व्यवहारात सतराव्या शतकातील डच भाषेचे रूप पालटत गेले. क्रियापदांना लागणारे पुरुष-वचनाचे प्रत्यय गळाले, नामांचा लिंगभेद लोपला, वाक्यात नकार दोनदा योजण्याची पद्धत रूढ झाली. 'पुष्कळ' या अर्थाचा या भाषेतील नित्य वापराचा शब्द मलाय भाषेतून आला, किड्यासाठी वापरला जाणारा शब्द खोईखोई भाषेतून आला, आणि मसाल्यात मुरविलेल्या फोडींसाठीचा शब्द तर मराठी वाचकाला ओळखीच्या 'अचार' या शब्दाचाच भाऊबंद आहे. सुशिक्षित डच आणि इंग्रज या बोलीला 'स्वयंपाकघरातली भाषा' म्हणून हिणवीत. तिच्या घडणीत घरकाम करणाऱ्या गुलामांचा हात होता, हे त्या हिणवण्यात अप्रत्यक्षपणे मान्य केलेले होते.

एकोणिसाव्या शतकात केपच्या मुसलमान समाजात धर्मशिक्षणासाठी ही भाषा अरबी लिपीत लिहिली जात असे. उस्मानी साम्राज्यातून आलेले धर्मपंडित अबू बकर एफेंदी यांनी इस्लामी आचारधर्मावर याच भाषेत लिहिलेला 'बयान-उद्-दीन' हा ग्रंथ १८७७ मध्ये इस्तंबूल येथे छापला गेला. पार्ल या गावातील डच शिक्षक आर्नोल्डस पानेव्हिस यांनी १८७४ मध्ये बायबलचे या भाषेत भाषांतर व्हावे, अशी सूचना ब्रिटिश बायबल सोसायटीला केली होती; तीही मुख्यतः मिश्रवंशीय लोकांच्या सोयीसाठी होती. ती त्या वेळी मान्य झाली नाही.

पानेव्हिस यांच्या प्रेरणेतून पुढे जी संस्था जन्मली, तिचे नाव मात्र वेगळेच काही सांगते. १४ ऑगस्ट १८७५ रोजी पार्ल येथे 'खेनूटस्काप फान रेख्ते आफ्रिकानर्स', म्हणजे 'खऱ्या आफ्रिकानरांचे मंडळ' स्थापन झाले. एस. जे. दु टॉय हे त्याचे प्रमुख सूत्रधार होते. मंडळाने १८७६ मध्ये 'दी आफ्रिकान्से पॅट्रियट' हे वृत्तपत्र सुरू केले आणि १८७७ मध्ये आपल्या देशाचा इतिहास आपल्या लोकांच्या भाषेत सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. एकाच वर्षी, एकाच भाषेत, दोन वेगळ्या लिप्यांत दोन महत्त्वाची पुस्तके छापली गेली, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. त्यांपैकी एक परंपरा संस्थेच्या आश्रयाने राष्ट्रीय चळवळ बनली. दुसरी मदरशांच्या भिंतींआड राहिली आणि पुढे दीर्घकाळ वाङ्मयेतिहासातून वगळली गेली. 'खरे' या विशेषणाने भाषेच्या अंगणात पहिली रेघ ओढली गेली, ती अशी.

पराभवातून पुनर्बांधणी

या संस्थांना व्यापक लोकाश्रय मिळाला तो १८९९ ते १९०२ या काळातील इंग्रज-बोअर युद्धानंतर. ब्रिटिशांच्या छळछावण्यांत सुमारे २६ हजार बोअर स्त्रिया व मुले मृत्युमुखी पडली. वेगळ्या छावण्यांत कोंडलेले हजारो कृष्णवर्णीयही मेले, परंतु त्यांची स्मृती आफ्रिकानर राष्ट्रवादाने जपली नाही. युद्धानंतर मिलनर यांच्या प्रशासनाने शाळांतून इंग्रजीकरणाचे धोरण राबविले. पराभव, दारिद्र्य आणि भाषेचा अपमान हे तिन्ही एकत्र आल्यामुळे भाषेची चळवळ ही आत्मसन्मानाची चळवळ झाली.

या काळातील संस्थात्मक कार्याचा आवाका थक्क करणारा आहे. १९०४ मध्ये स्त्रियांची ख्रिस्ती सेवासंस्था स्थापन झाली. १९०९ मध्ये भाषा, साहित्य व कला यांसाठी अकादमी अस्तित्वात आली. तिच्या वतीने १९१७ मध्ये शब्दसूची व शुद्धलेखनाचे नियम प्रसिद्ध झाले, आणि हर्टझोग पारितोषिक हा या भाषेतील सर्वांत प्रतिष्ठेचा वाङ्मयीन सन्मानही तिनेच सुरू केला. १९१५ मध्ये 'नॅशनल पर्स' ही प्रकाशनसंस्था उभी राहिली. १९२५ मध्ये आफ्रिकान्सला राजभाषेचा दर्जा मिळाला, १९२६ मध्ये स्टेलनबॉश येथे बृहद्‌कोशाचे काम सुरू झाले आणि १९३३ मध्ये संपूर्ण बायबल या भाषेत आले. ज्या भाषेला पन्नास वर्षांपूर्वी निश्चित वर्णलेखन नव्हते, तिच्यात आता न्यायनिवाडा, प्रवचन आणि विद्यापीठीय अध्यापन होऊ लागले. भाषानियोजनाच्या इतिहासात इतक्या अल्पावधीतील असे यश विरळाच.

तथापि या यशाची दुसरी बाजू याच काळात आकार घेत होती. १९१८ मध्ये जोहान्सबर्ग येथे हेनिंग क्लॉपर आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी एक संघटना स्थापन केली. ती 'आफ्रिकानर ब्रूडरबोंड', म्हणजे 'आफ्रिकानर बंधुसंघ' या नावाने ओळखली जाते. काही वर्षांतच ती गुप्त संघटना झाली. गोरा, आफ्रिकान्सभाषी, प्रॉटेस्टंट पंथीय आणि वयाने प्रौढ पुरुष यालाच, तेही निमंत्रणाने, तिचे सभासदत्व मिळे. पाच ते वीस सभासदांच्या लहान लहान शाखा गावोगावी असत. शिक्षक, धर्मोपदेशक, प्राध्यापक, सरकारी अधिकारी आणि शेतकरी त्यांत एकत्र येत. याच संघटनेच्या पुढाकाराने डिसेंबर १९२९ मध्ये ब्लुमफाँटेन येथे आफ्रिकान्स सांस्कृतिक संघटनांचा महासंघ स्थापन झाला. आफ्रिकान्समधील आद्याक्षरांवरून तो 'एफ.ए.के.' या नावाने परिचित आहे. वाचनमंडळे, चर्चच्या समित्या, विद्यार्थिसंघटना, महिलामंडळे अशा शेकडो संस्था त्याला संलग्न झाल्या. महासंघ उघडपणे काम करी आणि बंधुसंघ पडद्याआडून दिशा देई. तीच माणसे दोन्हीकडे असल्यामुळे शाखेच्या बैठकीत ठरलेली गोष्ट शाळेच्या समितीत, चर्चच्या सभेत आणि वृत्तपत्राच्या अग्रलेखात जणू आपोआप उमटल्यासारखी दिसे. या रचनेचे सामर्थ्य येथेच होते.

या संस्थांपुढील सामाजिक प्रश्न खरा होता, हेही नमूद केले पाहिजे. दुष्काळ, युद्ध आणि जमिनींचे तुकडे यांमुळे हजारो आफ्रिकानर कुटुंबे शहरांत लोटली गेली होती. कार्नेगी आयोगाच्या १९३२ च्या अहवालाने सुमारे तीन लाख गोरे लोक अत्यंत दरिद्री असल्याचा अंदाज मांडला. शहरात त्यांना भेटणारी भाषा इंग्रजी होती. रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी १९३० मध्ये स्थापन झालेली 'ए.टी.के.व्ही.' ही भाषा-संस्कृतिसंस्था, १९३१ ची 'फूरट्रेकर्स' ही बालवीरांसारखी युवकसंघटना, १९३४ ची 'फोल्क्सकास' ही बँक, महासंघाने १९३७ मध्ये काढलेला गीतसंग्रह, १९३९ ची आर्थिक परिषद आणि तिच्यातून निघालेली 'रेडिंग्सडाडबोंड' ही साहाय्यसंघटना यांकडे एकत्र पाहावे लागते. गाणे, बचत आणि रोजगार हे या कार्यक्रमात एकमेकांपासून वेगळे नव्हते. गरीब रेल्वे कामगाराला आपण कनिष्ठ नसून एका थोर परंपरेचे वारस आहोत, असा दिलासा या संस्थांनी दिला.

या प्रक्रियेचा कळस १९३८ मध्ये दिसला. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ब्रिटिश अंमलाखालील केप सोडून बैलगाड्यांनी अंतर्भागात गेलेल्या पूर्वजांच्या स्थलांतराची ती शताब्दी होती. ए.टी.के.व्ही.च्या पुढाकाराने आणि क्लॉपर यांच्याच नेतृत्वाखाली केपटाउनहून बैलगाड्या निघाल्या. गावोगावी लोक जुन्या पद्धतीचा पोशाख करून त्यांच्या स्वागताला आले, गाड्यांच्या वाटेवर लग्ने लागली, मुलांची नामकरणे झाली. १६ डिसेंबरला प्रिटोरियाजवळील टेकडीवर एक लाखाहून अधिक लोकांच्या उपस्थितीत फूरट्रेकर स्मारकाची कोनशिला बसविली गेली. एका विखुरलेल्या समाजाला आपण एक 'फोल्क' आहोत, याची प्रत्यक्ष अनुभूती मिळाली. मात्र त्या मिरवणुकीत, तीच भाषा बोलणाऱ्या मिश्रवंशीयांना वारस म्हणून स्थान नव्हते.

सत्तेची सावली

१९४८ च्या निवडणुकीत नॅशनल पक्ष सत्तेवर आला. तेव्हापासून १९९४ पर्यंतचे सर्व सरकारप्रमुख, म्हणजे मलान, स्ट्रेडोम, फेरवूर्ट, फोर्स्टर, बोटा आणि द क्लर्क, हे बंधुसंघाचे सभासद होते. १९७८ मध्ये दोन पत्रकारांनी संघटनेची कागदपत्रे उजेडात आणली, तेव्हा तिची सभासदसंख्या सुमारे १२ हजार असल्याचे समोर आले. विरोधासाठी उभारलेली रचना आता शासनयंत्रणेशी एकरूप झाली होती. १९४८ च्या फेब्रुवारीत महासंघाच्या शिक्षणविषयक संस्थेने प्रसिद्ध केलेल्या 'ख्रिस्ती-राष्ट्रीय शिक्षणा'च्या पत्रकातील विचारसरणी पुढील शैक्षणिक धोरणांतून उमटली. १९५३ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाची वेगळी व दुय्यम व्यवस्था केली.

भाषेच्या दृष्टीने या काळातील सर्वांत मोठा अंतर्विरोध मिश्रवंशीय समाजाच्या वाट्याला आला. १९५६ मध्ये केप प्रांतातील या समाजाची नावे सर्वसाधारण मतदारयादीतून काढली गेली. १९६६ मध्ये केपटाउनमधील 'डिस्ट्रिक्ट सिक्स' ही वस्ती गोऱ्यांसाठी राखीव घोषित झाली आणि पुढील काळात सुमारे ६० हजार रहिवाशांना तेथून हलविले गेले. ज्यांच्या पूर्वजांनी ही भाषा घडविली, त्यांची घरे त्याच भाषेतील आदेशांनी रिकामी झाली. त्यांची केपकडील बोली, 'काप्स', हिला प्रमाण आफ्रिकान्सचे अभिमानी आता 'अशुद्ध' आणि 'स्वयंपाकघरातली' म्हणू लागले. जो अपमान एकेकाळी संपूर्ण भाषेला सोसावा लागला होता, तोच अपमान प्रमाणभाषेने आपल्याच बोलीच्या वाट्याला दिला. इंग्रजी शब्दांची सरमिसळ टाळून भाषा 'शुद्ध' राखण्याचा आग्रह आणि वंशाची 'शुद्धता' राखण्याचा आग्रह यांची परिभाषा या काळात परस्परांत मिसळली, हे भाषाशुद्धीच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

१० ऑक्टोबर १९७५ रोजी पार्लच्या टेकडीवर आफ्रिकान्स भाषेचे स्मारक उभे राहिले. वास्तुशिल्पी यान फान वेक यांच्या रचनेत युरोपचे प्रतीक असलेले स्तंभ, आफ्रिकेचे प्रतीक असलेले घुमट आणि मलाय वारशाचे प्रतीक असलेली भिंत, असे तिन्ही घटक आहेत. दगडाने मान्य केलेला हा मिश्र वारसा समाजव्यवस्थेने मात्र मान्य केलेला नव्हता. त्यानंतर अवघ्या आठ महिन्यांनी, १६ जून १९७६ रोजी, सोवेटोतील शाळकरी मुले रस्त्यावर आली. काही महत्त्वाचे विषय आफ्रिकान्स माध्यमातून शिकविण्याची सक्ती हे त्यांच्या उद्रेकाचे तात्कालिक कारण होते. पोलिसांनी गोळीबार केला. पुढील महिन्यांत देशभर शेकडो लोक मारले गेले. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाचे तत्कालीन उपमंत्री आंद्रिस ट्रूर्निख्ट हे १९७२ ते १९७४ या काळात बंधुसंघाचे अध्यक्ष होते. सांस्कृतिक संस्था आणि सत्ता यांमधील अंतर किती मिटले होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही. भाषेचे स्मारक आणि भाषेविरुद्धचा उठाव यांमधील त्या आठ महिन्यांत या संस्थांच्या एका शतकाच्या वाटचालीचे मूल्यमापन सामावलेले आहे.

संस्थेबाहेरचे आवाज

भाषेची प्रतिष्ठा पुढील काळात वाचली, तिचे बरेचसे श्रेय संस्थांच्या चौकटीबाहेर पडलेल्यांना द्यावे लागते. बायर्स नॉडे यांचे वडील बंधुसंघाच्या संस्थापकांपैकी होते आणि ते स्वतःही त्या संघटनेचे सभासद होते. १९६३ मध्ये त्यांनी संघटना सोडली आणि वर्णभेदाविरुद्ध उभे राहून ख्रिस्ती इन्स्टिट्यूट स्थापन केली. साहित्यक्षेत्रात आंद्रे ब्रिंक, ब्रेटेन ब्रेटेनबाख, इंग्रिड योंकर, यान राबी, एतियेन लरू आदी 'सेस्टिगर', म्हणजे साठोत्तरी, लेखकांनी भाषेला राष्ट्रवादी संकेतांतून मोकळे केले. ब्रिंक यांच्या 'केनिस फान दी आंट' या १९७३ च्या कादंबरीवर १९७४ मध्ये बंदी आली. आफ्रिकान्स भाषेतील पुस्तकावरील ती पहिली बंदी होय. भाषेचे संरक्षक म्हणविणाऱ्या राज्याने त्या भाषेतील साहित्यावरच शस्त्र उगारले, तेव्हा लेखकांनी १९७५ मध्ये आपली स्वतंत्र लेखकसंघटना स्थापन केली.

याहूनही मूलगामी आव्हान मिश्रवंशीय लेखकांचे होते. अॅडम स्मॉल यांनी काप्स बोलीला कवितेची आणि नाटकाची भाषा केले; त्यांचे 'काना हे को हेइस्टू' हे नाटक १९६५ चे आहे. १९८५ मध्ये वेस्टर्न केप विद्यापीठात कृष्णवर्णीय आफ्रिकान्स लेखकांचे चर्चासत्र झाले. याच दशकात वर्णभेदविरोधी सभांतून, भित्तिपत्रकांतून आणि गाण्यांतून आफ्रिकान्स वापरली जात होती. १९८९ मध्ये योहानेस केरकॉरेल, कूस कोम्बेस आदी तरुण गोऱ्या गायकांनी 'फूलफ्रे' या दौऱ्यात बोलभाषेतील रॉक संगीतातून सत्तेची टवाळी केली. त्याच वर्षी व्हिक्टोरिया फॉल्स येथे आफ्रिकान्स लेखकांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या प्रतिनिधींशी संवाद साधला. जुलमाची भाषा हीच मुक्तीचीही भाषा होऊ शकते, हे या मंडळींनी कृतीने दाखविले. २४ मे १९९४ रोजी पहिल्या लोकशाही संसदेपुढील भाषणात नेल्सन मंडेला यांनी योंकर यांची सैनिकांच्या गोळीने मेलेल्या मुलावरची कविता वाचली, तेव्हा त्या भाषेला मिळालेला सन्मान एका अशा कवयित्रीमुळे मिळाला होता, जी संस्थांच्या मांडवात कधीच रुळली नव्हती.

सत्तेनंतरचा काळ

संस्थांमध्येही बदलाची जाणीव नव्हती असे नाही. बंधुसंघाचे अध्यक्ष पीटर द लांगे यांनी १९८६ मध्ये न्यूयॉर्क येथे थाबो एम्बेकी यांची भेट घेतली होती आणि वाटाघाटींना पर्याय नाही, हा विचार संघटनेत मांडला होता. याउलट त्यांच्या आधीचे अध्यक्ष कारेल बोशॉफ यांनी संघटना सोडून १९८४ मध्ये 'आफ्रिकानर फोल्क्सवाख' स्थापन केली आणि पुढे ओरानिया या केवळ आफ्रिकानरांच्या वसाहतीचा पुरस्कार केला. एकाच पदावर लागोपाठ बसलेल्या दोन व्यक्तींनी निवडलेल्या या दोन वाटा त्या समाजापुढील पेच नेमका दाखवितात. १९९३ मध्ये बंधुसंघाने गुप्तता सोडली, 'आफ्रिकानरबोंड' हे नाव घेतले आणि स्त्रियांना व इतर वंशांच्या लोकांनाही सभासदत्व खुले केले.

१९९६ च्या राज्यघटनेने अकरा राजभाषांना मान्यता दिली. इंग्रजीच्या बरोबरीने असलेले आफ्रिकान्सचे विशेष स्थान संपले. मात्र घटनेच्या ३१ व्या कलमाने सांस्कृतिक व भाषिक समूहांना आपल्या संस्था स्थापण्याचा आणि चालविण्याचा अधिकार दिला. राज्याचा आश्रय गेला आणि नागरिकांचे स्वातंत्र्य मिळाले, असा हा पालट होता. त्याला संस्थांनी दिलेला प्रतिसाद स्थूलमानाने दोन प्रकारचा दिसतो.

पहिला प्रतिसाद भाषेला केंद्र मानणारा आहे. ए.टी.के.व्ही.ने आपले सभासदत्व सर्व आफ्रिकान्स भाषकांना खुले केले. १९९५ मध्ये औट्सहोर्न येथे सुरू झालेला राष्ट्रीय कलामहोत्सव, १९९९ मध्ये सुरू झालेली 'केकनेट' ही दूरचित्रवाहिनी आणि २००८ मध्ये स्थापन झालेली आफ्रिकान्स भाषा परिषद यांचा रोख भाषकांच्या व्यापक समुदायाकडे होता. अकादमीने २०१२ मध्ये अॅडम स्मॉल यांना हर्टझोग पारितोषिक दिले; 'काना'नंतर तब्बल ४७ वर्षांनी. रोनेल्डा काम्फर आणि नेथन ट्रांट्राल यांच्यासारखे कवी काप्सच्या बळावर आफ्रिकान्स कवितेच्या मध्यभागी आले, तर २०२१ मध्ये काप्सच्या त्रैभाषिक कोशाचा प्रकल्प जाहीर झाला. १९२६ च्या कोशकार्यात जे रूप प्रमाणबाह्य ठरले असते, त्याला स्वतःचा कोश असावा, ही कल्पनाच या पालटाची खूण होय.

दुसरा प्रतिसाद समाजाला, म्हणजे 'फोल्क'ला, केंद्र मानणारा आहे. १९०२ पासूनची परंपरा सांगणाऱ्या खाणकामगार संघटनेतून 'सॉलिडॅरिटेट' ही चळवळ विकसित झाली. तिच्या परिवारात २००६ मध्ये 'आफ्रिफोरम' ही नागरी हक्क संघटना आणि २०११ मध्ये 'आकाडेमिया' ही खाजगी उच्चशिक्षणसंस्था निघाली. जुना महासंघही या परिवाराशी जोडला गेला. राज्य आपले नाही, तेव्हा आपल्या संस्था आपणच उभाराव्यात, हा १९३९ च्या परिषदेतील स्वावलंबनाचा विचार येथे पुन्हा दिसतो. समर्थकांच्या मते हा घटनेने दिलेल्या अधिकाराचा न्याय्य वापर आहे. टीकाकारांच्या मते जुन्या कुंपणाचीच ही नवी डागडुजी आहे.

या दोन्ही प्रवाहांची कसोटी शिक्षणक्षेत्रात लागली. विद्यापीठांतील आफ्रिकान्स माध्यमाचा संकोच होऊ लागला, तेव्हा प्रकरणे घटनापीठापर्यंत गेली. २०१७ मध्ये फ्री स्टेट विद्यापीठाच्या आणि २०१९ मध्ये स्टेलनबॉश विद्यापीठाच्या इंग्रजीला प्राधान्य देणाऱ्या धोरणांना सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने उचलून धरले. २०२१ मध्ये मात्र 'युनिसा' या दूरशिक्षण विद्यापीठाने आफ्रिकान्स माध्यम काढून टाकणे घटनाबाह्य ठरविले. २०२४ च्या शिक्षण दुरुस्ती कायद्याने शाळेच्या माध्यमाविषयीचा अंतिम निर्णय पालकांच्या नियामक मंडळाऐवजी प्रांतिक शिक्षणाधिकाऱ्याच्या हाती दिला आणि वाद पुन्हा पेटला. एकीकडे आफ्रिकान्स माध्यम हे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दूर ठेवण्याचे साधन ठरते, हा आक्षेप खरा अनुभव सांगतो. दुसरीकडे, ते माध्यम नाहीसे झाल्यास सर्वाधिक हानी खेड्यापाड्यांतील गरीब मिश्रवंशीय विद्यार्थ्यांची होते, हेही तितकेच खरे आहे. संपन्न आफ्रिकानर पालक खाजगी संस्थेकडे वळू शकतो. फळबागेतील मजुराच्या मुलीला तो पर्याय नाही.

येथे या संस्थांच्या आजच्या स्थितीतील मर्म सापडते. राज्याश्रय संपल्यावर भाषेची संस्था वर्गणीवर आणि बाजारपेठेवर उभी राहते. आणि वर्गणी देण्याची ऐपत ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याच गरजांकडे ती झुकते. पूर्वी जी रेघ कायद्याने आखली होती, ती आता केवळ आर्थिक विषमतेमुळे, कोणाचाही तसा हेतू नसताना, पुन्हा उमटू शकते. २०२२ च्या जनगणनेत आफ्रिकान्स भाषकांचे प्रमाण १०.६ टक्के नोंदले गेले. २०११ मध्ये ते १३.५ टक्के होते. या परिस्थितीत निम्म्या भाषकांना पाहुण्यासारखे वागविणे कोणत्याही संस्थेला परवडणारे नाही.

समारोप

आफ्रिकानर सांस्कृतिक संस्थांच्या या वाटचालीतून काही निष्कर्ष निघतात. एक म्हणजे, दुर्बल स्थितीतील भाषेला संस्थांशिवाय तग धरता येत नाही. कोश, शाळा, वृत्तपत्र आणि पतपेढी यांच्या एकत्रित बळावरच आफ्रिकान्स उभी राहिली. दुसरे म्हणजे, दुर्बलतेच्या काळात जी एकजूट संरक्षक असते, तीच सत्ता हाती येताच बहिष्काराचे साधन बनू शकते. ही शक्यता संस्थेच्या पहिल्या नावातही दडलेली असू शकते. तिसरे म्हणजे, भाषेची नैतिक पुनर्स्थापना संस्थांच्या ठरावांनी होत नाही. ती प्रामुख्याने लेखक, गायक आणि आजवर वगळले गेलेले भाषक करतात. संस्थेने त्यांना मागाहून का होईना जागा करून द्यावी, हीच तिच्या बदलाची कसोटी होय.

१८७७ मध्ये इस्तंबूल आणि पार्ल येथे छापली गेलेली ती दोन पुस्तके दीर्घकाळ एका कपाटात ठेवली गेली नाहीत. आज आफ्रिकान्सचे अभ्यासक अरबी लिपीतील त्या परंपरेला भाषेच्या इतिहासाच्या प्रारंभीच स्थान देतात. अभ्यासाच्या क्षेत्रात जे घडले, ते संस्थांच्या सभासदयादीत, निधीच्या वाटपात आणि शाळेच्या दारात कितपत घडते, यावर या भाषेचे भवितव्य अवलंबून आहे.